टोपलीवाली बाई

चित्रकलेचा तास म्हणजे मोकळा तास, असं ज्या माणसानं पहिल्यांदा म्हटलं तो मला एकदा भेटायला हवा आहे. मी त्याला काही करणार नाही. समोरच्या बाकावर बसवीन, उजव्या हातात पेन्सिल देईन आणि स्वतःच्याच डाव्या हाताचं चित्र काढायला सांगीन. पाच मिनिटांत त्याला घाम फुटेल. मग बोलू आपण मोकळ्या तासाबद्दल.

मी लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे हजेरीपटावर तसं आहे. प्रत्यक्षात मी दारातल्या फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार लिहिते, पाहुणे यायचे असले की रांगोळी काढते, स्टेजच्या मागच्या पडद्यावर थर्माकोलची अक्षरं चिकटवते, प्रमाणपत्रांवर वळणदार नावं घालते. कोणाची बदली झाली की निरोपाचा फळा, कोणी वारलं की श्रद्धांजलीचा. एकदा सकाळी श्रद्धांजली लिहिली आणि मधल्या सुट्टीत तीच पुसून अभिनंदन लिहायला लावलं. पहिल्या मजकुराभोवती मी फुलं काढली होती, तर म्हणे फुलं राहू द्या, ती दोन्हीकडं चालतात. “मॅडम, तुमचा हात चांगला आहे ना,” असं म्हणत सगळे येतात. हात चांगला आहे खरा. त्या हाताच्या वर एक डोकंही आहे, पण त्याची कधी कोणाला गरज पडत नाही.

हा हात मला वडिलांकडून मिळाला. नांदेडला आमच्या वस्तीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. ते पेंटर होते, म्हणून पेंटरच. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, जयंतीच्या आधी विहाराची भिंत, आणि गावोगावच्या भिंतींवर बियाण्यांच्या नि सिमेंटच्या जाहिराती. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. हिमायतनगर, किनवट, मधली सगळी खेडी. माझं काम एकच होतं. निळीच्या पुडीत घोळलेला दोरा असे, त्याचं एक टोक वडील धरत आणि दुसरं मी. दोरा भिंतीला टेकवून ताणायचा, मधे चिमटीत धरून ओढायचा आणि सोडायचा. टण्णकन आवाज व्हायचा आणि भिंतीवर निळी सरळ रेघ उठायची. त्या रेघांवर पुढं सगळी अक्षरं उभी राहायची. दोरा ढिला धरला तर वडील शिव्या देत नसत, नुसते बघत. शिव्या परवडल्या असत्या.

पोरगी शिडीवर चढते म्हणून लोक खालून बघायचे. एका गावात एक म्हातारा वडिलांना म्हणाला, “पेंटर, लेकीला कशाला ह्या धंद्यात घालून राहिलास? हिला कोण करून घेईल?” वडील म्हणाले, “तिला मास्तरीण करणार हाय.” मला दोघांचाही राग आला. म्हाताऱ्याचा आला ते ठीक आहे, पण वडिलांचा जास्त आला. कारण मला पेंटरच व्हायचं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

पुढं मी नांदेडलाच चित्रकलेच्या पदविकेला गेले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरांनी माझा कागद उचलून सगळ्या वर्गाला दाखवला. मला वाटलं कौतुक. ते म्हणाले, “हा हात पेंटरचा आहे. रेघ बघा, पाटी रंगवल्यासारखी. हा हात मोडावा लागेल.” वर्ग हसला. मी पण हसले, कारण रडू आलं असतं. त्या सरांच्या घरावरची पाटी कोणी रंगवली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या नावातली वेलांटी माझ्या वडिलांची होती, मी ती शंभर पाट्यांवर ओळखली असती. पण मी बोलले नाही. घरी येऊनही बोलले नाही. नाहीतर वडिलांनी मलाच समजावलं असतं, की सर शिकलेले आहेत, बरोबरच सांगत असतील.

मग फ्लेक्स आलं. त्याबद्दल लोक फार हळहळून बोलतात, कला गेली, हाताचं काम गेलं वगैरे. हळहळणारे तेच, ज्यांनी स्वतःच्या दुकानाची पाटी उतरवून फ्लेक्स लावलं. वडिलांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, जुन्या बनियनमध्ये गुंडाळले आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. त्यांना राग आला नाही. घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला असावा, कारण मला तो अजून पुरतो आहे.

नोकरी लागली लातूरला. लातूरला मुलं शिकायला येतात हे सगळ्यांना माहीत आहे. किनवटच्या जंगलातल्या वाडीपासून उदगीरपर्यंत कुठूनकुठून आईबाप लेकरं आणून खोल्या करून ठेवतात. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे फ्लेक्स असतात, पासपोर्टाचे फोटो माणसाएवढे मोठे केलेले. सगळ्यांचे केस सारखे कापलेले, सगळ्यांची मान सारखी. माझ्या वडिलांची पाटी गेली ती ह्या माना लावायला, हा विचार मी दर वर्षी जूनमध्ये करते आणि दर वर्षी रक्तदाब वाढवून घेते.

रविवारी मी माझी चित्रं काढते. भिंती काढते मी. जुन्या जाहिरातीचा रंग उडालेल्या, अर्धं अक्षर उरलेल्या भिंती. त्यांचं एक प्रदर्शन नांदेडला भरवलं होतं. ज्या पाहुण्यांनी फीत कापली ते छंदाचं जीवनातलं स्थान ह्या विषयावर बोलले. छंद! तुम्ही दवाखान्याच्या उद्घाटनाला जाऊन डॉक्टरच्या छंदाबद्दल बोलता का? पण ते जाऊ द्या. मी ज्याबद्दल लिहायला बसले ते वेगळंच आहे.

आमच्याकडं शाळेतल्या मुलांसाठी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा असतात. त्या पास झाल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. एवढ्या एका कारणानं लातूरमध्ये चित्रकला जिवंत आहे, हे मी मान्य करते. मुलं माझ्याकडं येतात ती गुणांसाठी येतात, आणि त्यातली एखादी चुकून बघायला शिकते. ह्या चुकीवर माझा सगळा संसार चालतो.

ह्या परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. विषय देतात, बाजार, लग्न, बसस्थानक असं काही, आणि तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं असेल ते आठवून काढायचं. मुख्याध्यापकांना ही भानगड मान्य नव्हती. ते गणिताचे माणूस, पांढऱ्या शर्टाला रोज इस्त्री. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “मॅडम, आठवण्यावर निकाल सोडता येत नाही. पोरांना काय आठवेल नि काय नाही, ह्याची गॅरंटी कोण देणार? यंदा सगळ्यांना ए ग्रेड पाहिजे. नाही आली तर नववीचा चित्रकलेचा तास मी गणिताला देऊन टाकतो. तसाही मोकळाच असतो.”

आणि त्यांनी बाहेरून एक सर आणले. त्यांचा चित्रकलेचा क्लास आहे. ते आले, त्यांनी फळ्यावर एक बाई काढली. पाठमोरी, एक हात कमरेवर, डोक्यावर टोपली. मुलांना सांगितलं, ही पाठ करा. बाकीचं सोपं आहे. बाजार आला तर ही टोपली भाजीची. जत्रा आली तर खेळण्यांची. शेत आलं तर भाकरीची. बाई तीच, मागचं बदलायचं. बाई पाठमोरी का, तर तोंड काढावं लागत नाही. तोंडात गुण जातात.

मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत होते. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. जाताना मला म्हणाले, “ताई, राग मानू नका. मी पण जे. जे.ची स्वप्नं बघितलेली आहेत.” मला त्यांची कीवही करता येईना, एवढा संताप आला होता. मुलं मात्र खूश होती. वहीचं पान न् पान त्या बाईनं भरलं. नऊ वेळा, दहा वेळा, डोळे मिटून काढता येईपर्यंत.

मग सराव परीक्षा झाली, शाळेतल्या शाळेत. विषय मी काढला, दवाखान्यातील प्रसंग. मुद्दाम काढला. मला बघायचं होतं.

मुलांनी टोपलीवाली बाई दवाखान्यात नेली. खाट, खाटेवर पेशंट, सलाईनची बाटली, आणि शेजारी डोक्यावर टोपली घेऊन पाठमोरी उभी असलेली ती बाई. सगळ्या वर्गाच्या कागदांवर. कोणी टोपलीत फळं ठेवली, कोणी औषधांच्या बाटल्या ठेवल्या. एकानं तर नर्सच्या डोक्यावर टोपली दिली, कारण बाई काढायची तर टोपली काढायची एवढंच त्याला येत होतं. ऑपरेशन चालू आहे आणि नर्स डोक्यावर टोपली घेऊन उभी!

एकच कागद वेगळा निघाला. नववीतली एक मुलगी, किनवटकडची, वसतिगृहात राहणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तिनं दवाखान्याचा व्हरांडा काढला होता. फरशीवर चादर टाकून झोपलेली माणसं, एक बाप भिंतीला टेकून बसलेला, त्याच्या मांडीवर डबा, डब्याचं झाकण अर्धं उघडलेलं. रंग कच्चे होते, बापाचा एक पाय आखूड झाला होता. पण तो बाप जेवू की नको अशा विचारात बसला आहे, हे मला त्या आखूड पायासकट कळत होतं. मी तिला विचारलं, हे कुठं पाहिलंस? ती म्हणाली, “धाकट्या भावाला सलाईन लावली होती, तवा. बाबा लई टाइम झाकण उघडून बसले होते. जेवलेच न्हाईत.”

मी ठरवलं, बोलायचं नाही. दाखवायचं. पुढच्या शनिवारी पालकसभा होती. हॉलच्या लांब भिंतीवर मी सगळ्या टोपलीवाल्या बायका ओळीनं लावल्या आणि मधोमध तो व्हरांडा लावला. वर काही लिहिलं नाही. म्हटलं, आईबाप येतील, बघतील, हसतील, लाजतील. कोणीतरी विचारेलच की सर, हे काय चाललंय? वडील त्या आठवड्यात माझ्याकडं लातूरला आले होते. त्यांनाही सोबत नेलं. मला साक्षीदार हवा होता.

सभेच्या आधी मुख्याध्यापक भिंतीसमोरून एकदा हिंडले. खूश झाले. मग मधल्या चित्रापाशी थांबले, आणि माझ्या देखत त्यांनी त्या कागदाच्या चारी कोपऱ्यांच्या पिना काढल्या. “हे एक वेगळं दिसतंय मॅडम. लाईन बिघडते.” कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकला आणि शेजारच्या बायका सरकवून मोकळी जागा भरून घेतली. ती मुलगी पाण्याचे पेले मांडत तिथंच उभी होती. तिनं सगळं बघितलं आणि पेले मांडत राहिली.

पालक आले. भिंतीसमोर गर्दी झाली. मी वाट बघत उभी. आणि एक आई, मोठ्या कौतुकानं, शेजारणीला म्हणाली, “काय सारखी काढलीत हो पोरांनी! एका मापाची. वळण लावलं बघा मॅडमनी.” दुसरे एक गृहस्थ फोटो काढायला लागले. तिसऱ्यांनी विचारलं, माझ्या धाकट्यालाही तुमच्याकडं घालता येईल का. दवाखान्यात टोपली कशाला, हे एकालाही खटकलं नाही. खटकणार कसं? त्यांनी टोपली बघितलीच नव्हती. त्यांनी रांग बघितली होती, सरळ, शिस्तीतली, चौकातल्या फ्लेक्ससारखी. मुख्याध्यापकांनी माईकवरून माझं नाव घेतलं आणि मला पुष्पगुच्छ दिला. टाळ्या वाजल्या. मी तो पुष्पगुच्छ हातात धरून उभी होते आणि मला तो कोणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता.

सभा संपल्यावर वडील एकटे त्या भिंतीपाशी गेले. चष्मा वर करून एकेक बाई बघितली, सवयीनं रेघेवरून बोट फिरवलं. मला म्हणाले, “मी बी हेच केलं की जिंदगीभर. एकच बैलजोडी, एकच हसणारा शेतकरी. हिमायतनगरला तोच, किनवटला तोच. पण मला पोट होतं. तुम्ही होतात. ह्या लेकरांला कोणतं पोट होतं?”

मी पुष्पगुच्छ टेबलावरच ठेवला आणि रिक्षा बोलावली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, तुमचा तास आता कुठं जात नाही, पण हाच पॅटर्न पुढं चालू ठेवा. म्हणजे मला माझा तास मिळाला होता. भांडून मिळाला नसता तो असा मिळाला. मी वर्गावर गेले तेव्हा ती किनवटची मुलगी उठून माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातात कागद होता. पाठमोरी बाई, कमरेवर हात, डोक्यावर टोपली. रेघ सफाईदार, पाय नीट मापात. ती म्हणाली, “मॅडम, मला बी आली ती बाई. आता लाईन न्हाई बिघडणार.”

तिच्या बोलण्यात जराही तक्रार नव्हती. आतापर्यंतचा माझा राग हा बऱ्यापैकी माझ्याचसाठी होता, माझा हात, माझी पाटी, माझा छंद. हा राग निराळा होता. तो चढला तसा उतरला नाही, अजूनही उतरलेला नाही. एका लेकरानं स्वतःच्या बापाला व्हरांड्यातून उठवून तिथं ती टोपलीवाली आणून उभी केली होती, आणि शाळा हेच शिकवल्याबद्दल माझा सत्कार करून बसली होती.

आठवड्याभरात मी वडिलांकडून ती पत्र्याची पेटी मागवून घेतली. त्यांनी नांदेडहून बसमध्ये ठेवून दिली. दोऱ्याचं रीळ आणि निळीची पुडी त्यांनी वर, हाताला येईल अशी ठेवली होती.

चित्रकलेच्या तासाला मी नववीचा वर्ग बाहेर काढला. शाळेच्या मागं सायकली लावायची जागा आहे, तिथं कंपाउंडची लांब कोरी भिंत आहे. मुलांना म्हटलं, ह्या भिंतीचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला एक. त्यात दवाखानाच काढायचा. पण टोपली काढायची नाही. आणि बाई काढलीत तर तिचं तोंड आपल्याकडं पाहिजे.

मग एकानं हात वर केला. “मॅडम, यात मार्क हायेत का?”

“नाहीत.”

“मग कशाला काढायचं?”

“तू दवाखान्यात गेला होतास का कधी?”

“हाव. आजी होती माझी.”

“आजी कशी दिसत होती, सांग.”

तो बोलायला लागला आणि मधेच थांबला. म्हणाला, लक्षात न्हाई. मग स्वतःच जरा वेळ भिंतीकडं बघत राहिला. किनवटची मुलगी सगळ्यांच्या मागं, सायकलीला टेकून उभी होती.

मी दोरा निळीत घोळवत होते तेवढ्यात मुख्याध्यापक आले. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. लांबूनच म्हणाले, “मॅडम, हे काय? परवानगी घेतली का? ह्या भिंतीवर आपल्याला गुणवंतांचं फ्लेक्स लावायचं आहे.” मी दोरा घोळवत राहिले. ते जवळ आले. “मी काय बोलून राहिलो? पॅटर्न सोडून हे चालणार असेल तर सोमवारपासून हा तास गणिताला. शेवटचं सांगतो.”

“द्या गणिताला,” मी म्हटलं. “पण आजचा तास अजून माझा आहे. हे टोक धरा, सर.”

आणि त्यांनी धरलं. का धरलं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कोणी दोऱ्याचं टोक पुढं केलं की माणूस धरतो. “ढिला धरू नका,” मी म्हटलं, आणि त्यांनी ताणला. त्यांना गणित येतं, सरळ रेघ त्यांना कळते. मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेले, किनवटच्या मुलीला हाक मारली आणि मधे उभं केलं. दोरा कसा चिमटीत धरायचा ते दाखवलं. म्हटलं, ओढ. अजून ओढ. आता सोड.

टण्णकन आवाज झाला. भिंतीवर निळी रेघ उठली, आणि थोडी नीळ सरांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली, खिशापासून पोटापर्यंत. मुलांनी आधी श्वास रोखला. मग ती मुलगी हसली, तोंडावर हात न ठेवता, आणि तिच्यामागून सगळा वर्ग हसला.

सोमवारपासून तो तास गणिताचा झाला. मला फळा लिहायला सांगितलं आहे, तो मी लिहिते. आखलेले चौकोन मुलं शाळा सुटल्यावर थांबून रंगवत राहिली. भिंतीवर फ्लेक्स अजून लागलेलं नाही, कारण तिथं आता चौकोन भरलेले आहेत आणि पालक त्यांचेही फोटो काढतात. खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनात एक बाप बसलेला आहे. डबा मांडीवर, झाकण अर्धं उघडं. त्याचा एक पाय अजूनही आखूड आहे, आणि तो मी तिला दुरुस्त करू दिलेला नाही.